पावणेतीन मिलिमीटरचं खोटं

प्रश्न असा आला आहे: "काका, मी नाशिकरोडला राहतो. कसारा-इगतपुरी घाटाचं एचओ स्केलमधलं मॉडेल करायचं कधीपासून डोक्यात आहे. पण भारतीय इंजिनाचं एक मॉडेल घ्यायचं तर अर्धा पगार जातो. वर एक जण म्हणाला, त्याचं गेजच चुकीचं असतं. एवढे पैसे देऊन चुकीची वस्तू का घ्यायची? हे लोक फसवतात का आपल्याला? की हा छंदच आता श्रीमंतांचा झाला?"

फसवत कुणी नाही. पण तुझ्या प्रश्नात दोन तक्रारींची गाठ बसली आहे, एक किमतीची आणि दुसरी अचूकपणाची. जास्त पैसे मोजले की वस्तू जास्त खरी मिळायला हवी, असं तू धरून चालला आहेस. या छंदात तसं क्वचितच होतं. का होत नाही ते एकदा समजलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, हे तुझं तुला ठरवता येईल.

माझी ओळख एवढीच, की नोकरीची सगळी वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये प्लास्टिकचे मोल्ड करण्यात गेली आणि १९८९ पासून घरच्या माळ्यावर गाड्या पळवतो. म्हणजे ही वस्तू साच्यातून कशी निघते तेही ठाऊक आहे आणि रुळावरून कशी घसरते तेही.

आधी गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं बघू, कारण ते नुसत्या भागाकारानं मिटतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. भागलं की १९.२६ येतात. बाजारात मिळतो तो एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून काढलेला. म्हणजे आपली गाडी त्यावर उभी केली की जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरची तूट. बाजूनं बघितलंस तर कळणारही नाही. समोरून बघ. खरा आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या बनावटीचा डबा ३२४५ मिलिमीटर रुंद, गेजच्या दुपटीला किंचित कमी. मॉडेलमध्ये डबा ३७.३ आणि गेज १६.५, म्हणजे सव्वादोन पट. पोट सुटलेला माणूस काडीसारख्या पायांवर उभा राहावा तसा डबा दिसतो. तुझ्या मित्राला जे खटकलं ते हेच, आणि त्याचं खटकणं बरोबर आहे.

मग रूळ १९.२६ चा का नाही करत? करता येतो. पण मग प्रत्येक सांधा घरी बनवायचा, प्रत्येक इंजिनाचे एक्सल रुंद करायचे, गिअर आणि करंट घेणाऱ्या पट्ट्या नव्यानं बसवायच्या. उलटा मार्ग काढला आणि १६.५ चा रूळ खरा धरून गाडी १:१०१.६ ला केली, तर बाजारात मिळणारी माणसं, झाडं, ट्रक, विजेचे खांब यांतलं काहीच तिच्याशेजारी उभं करता येणार नाही. म्हणून जगभरच्या ब्रॉडगेजवाल्यांनी मुकाट्यानं १६.५ पत्करला आहे. आयर्लंडचं गेज १६०० मिलिमीटर, स्पेनचं १६६८, रशियाचं १५२०. तिघांच्याही कारखानी गाड्या साधारणपणे याच रुळावर धावतात. जपानचं उलटं. त्यांची जुनी लाइन १०६७ मिलिमीटरची, आणि एचओहून लहान अशा एन स्केलमध्ये ते ती १:१५० नं करून ९ मिलिमीटरच्या रुळावर चालवतात. हिशोबानं रूळ सात मिलिमीटरला जरा वर हवा होता. आपल्या गाड्या बारीक पायांच्या, त्यांच्या फेंगड्या.

सगळ्यात गंमत इंग्लंडची. तिथलं गेज युरोपसारखंच १४३५ चं, म्हणजे एचओचा रूळ त्यांना तंतोतंत चालला असता. पण ब्रिटिश इंजिनं आकारानं लहान. शंभरेक वर्षांपूर्वीच्या मोटरी १:८७ च्या अंगात मावेनात. म्हणून अंग मोठं केलं, फुटाला चार मिलिमीटर, आणि रूळ राहिला तोच, फुटाला साडेतीन मिलिमीटरवाला. हेच ते ओओ. १९३८ मध्ये हॉर्नबी या इंग्लिश ब्रँडची डब्लो ही मॉडेलगाडी बाजारात आली आणि ही तडजोड तिथे कायमची रुजली. त्यांचा रूळ खरं तर १८.८३ हवा. त्यांची तूट १२ टक्क्यांची, आपली १४. आज मोटर करंगळीच्या पेराएवढी झाली आहे, मूळ अडचण केव्हाच संपली, तरी रूळ तोच. घराघरात पडलेले रूळ आणि गाड्या कोण फेकून देणार? ज्यांना सहन होत नाही ते ईएम म्हणजे १८.२ किंवा पी-फोर म्हणजे नेमक्या १८.८३ वर काम करतात. त्यांच्या स्वतंत्र सोसायट्या आहेत आणि त्यांची कामं बघताना मान झुकते. संख्येनं मात्र ते थोडे.

तेव्हा गेजची चूक तुझ्या इंजिनावाल्याची नाही. त्यानं ती दुरुस्त केली असती तर तुला आणि आणखी फार तर दहा-वीस जणांना विकू शकला असता.

आता किंमत. इथे मला माझ्या धंद्याचं बोलावं लागेल.

बादलीच्या झाकणाचा साचा कितीही महाग असो, त्यातून लाखांनी नग निघतात, म्हणून एका झाकणावर साच्याचे काही पैसेच पडतात. रेल्वे मॉडेलचं तसं नाही. निव्वळ हिशोबापुरतं धरू की एका इंजिनाच्या सगळ्या साच्यांना ४० लाख लागले. २०,००० नग विकले तर एका नगावर २०० रुपये. २,००० विकले तर तेच २,००० रुपये. प्लास्टिक तेवढंच, यंत्र तेच, माणूस तोच. आणि भारतीय इंजिनाचे एचओमध्ये दोन हजार नग खपवणं म्हणजे काय ते तूच विचार कर. त्यात गिऱ्हाईक म्हणणार, डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन काढलंस ते छान, पण मला त्याचाच जंबो प्रकार हवा. जंबोच्या खिडक्या वेगळ्या, म्हणजे साच्यात बसवायचा वेगळा तुकडा, इन्सर्ट. दुसऱ्याला डब्ल्यूडीएम-३ए हवं, तिसऱ्याला डब्ल्यूडीएम-३डी. अचूकपणाची प्रत्येक मागणी दोन हजारांच्या बाजाराचे आणखी तुकडे करते.

साच्यातून सरळ निघणारी वस्तू स्वस्त असते. उभ्या भिंतीला अर्धा-एक अंशाचा ड्राफ्ट, म्हणजे तिरकेपणा द्यावा लागतो, नाहीतर नग साच्याला चिकटतो. बाजूच्या भिंतीवर जाळी, बिजागरी, दाराची मूठ हवी असेल तर त्या बाजूनं सरकणारी स्लाइड हवी. चार बाजूंना चार स्लाइड, म्हणजे साचा जवळपास दुप्पट किचकट. एवढं करूनही इंजिनाच्या बाजूची दांडी साच्यात केली तर ती अंगाला चिकटलेली उठावाची रेघच दिसते. सुटी हवी तर बारीक तार वाकवून हातानं लावायची. एका इंजिनाला अशा वीस दांड्या, मग आरसे, वायपर, हॉर्न, ब्रेकचे पाइप. हे रोबो करत नाही. ओळीनं बसलेली माणसं चिमट्यानं करतात. रंगाचंही तसंच. प्रत्येक रंगाची बारीक रेघ पॅड प्रिंटिंगनं, म्हणजे मऊ शिक्क्यानं, वेगळ्या फेरीत उठते, आणि एक फेरी चुकली की नग बाद.

हे लक्षात घेतलंस की गेल्या पंचवीस वर्षांचा सगळा खेळ उलगडतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीनं इंग्लंडच्या मार्गेटमधलं उत्पादन हळूहळू चीनमध्ये नेलं. इतरांनीही तेच केलं. तिथे तेव्हा मजुरी इतकी कमी होती की त्याच किमतीत दहापट सुटे भाग लावून मिळू लागले. गिऱ्हाईक हरखलं, आणि दहा वर्षांत त्याला तेच रास्त वाटू लागलं. मग चिनी मजुरी चढली. हातानं लावायच्या दांड्या मात्र तेवढ्याच राहिल्या, उलट वाढल्या. आज हॉर्नबीचं मोठं वाफेचं इंजिन नवं घ्यायचं तर दोनशे पौंडांच्या वर जातं. लोक म्हणतात किमती भडकल्या. मला वाटतं मधली दहा-पंधरा वर्षं अपवादाची होती, आणि आपण त्या अपवादाच्या पट्टीनं आज मोजतो आहोत.

हॉर्नबीनं यावर २०१२-१३ च्या सुमारास एक उपाय करून बघितला. त्याला त्यांनी 'डिझाइन क्लेव्हर' असं नाव दिलं. सुटे भाग कमी करायचे, शक्य तेवढं साच्यातच घ्यायचं, जुळणीचा वेळ वाचवायचा. टूलरूमवाला म्हणून सांगतो, कल्पना शंभर टक्के बरोबर होती. पण गिऱ्हाइकानं डोक्यावर घेतली नाही. बॉयलरवरची दांडी अंगाला चिकटलेली दिसली की मंडळी भडकायची. कारण किंमत त्या मानानं उतरलेली दिसत नव्हती आणि तपशील गेलेला मात्र डोळ्यांना दिसत होता. दोन-तीन वर्षांत ते धोरण मागे पडलं. आता त्यांनी सरळ दोन दुकानं मांडल्यासारखं केलंय. तपशीलवार गाड्या वेगळ्या, आणि 'रेलरोड' नावाखाली साध्या वेगळ्या. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

इतिहासात याच्या उलट घडलेलंही आहे. पन्नाशीच्या दशकात हॉर्नबी डब्लो म्हणजे धातूची, वजनदार, नीटस गाडी. तिच्यासमोर ट्रायँग आली. प्लास्टिकची, स्वस्त, डबे लांबीला आखडलेले, चाकांच्या फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणाऱ्या कडा, जाड. जाणकारांनी नाकं मुरडली. १९६४ मध्ये ट्रायँगच्या मालकांनीच हॉर्नबीची मालक कंपनी मेकॅनो विकत घेतली, आणि गाड्यांचं नाव ट्रायँग हॉर्नबी झालं. अचूक वस्तू हरली आणि नाव तेवढं उरलं.

अमेरिकेच्या अथर्न कंपनीचा निळा डबा मला फार आवडतो. पुठ्ठ्याच्या निळ्या खोक्यात इंजिनाचं किंवा वाघिणीचं किट. जुळणी इतकी सोपी की खोकं हलवलं तरी आतल्या आत जुळेल, असा तिकडे विनोद होता. त्यांच्या डिझेल इंजिनांचं अंग खऱ्यापेक्षा रुंद होतं, कारण आतली मोटर रुंद होती. रुंद म्हणजे चांगलंच रुंद, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. तरी कित्येक दशकं लोकांनी ती इंजिनं घेतली, कारण ती ओढायला बैलासारखी होती, उघडून दुरुस्त करता येत होती, आणि जुळणीची मजुरी गिऱ्हाईकच भरत होतं, आपल्या रविवारच्या रूपानं. २००९ च्या सुमारास ती मालिका बंद पडली. तेच साचे रंगवून, जुळवून, तयार माल म्हणून विकणं कंपनीला परवडत होतं. स्वस्त गेलं ते असं. रविवार घालायला लोक तयार राहिले नाहीत.

आपल्याकडे यावर सरकारी फोडणी पडते. सीमाशुल्काच्या ९५०३ या शीर्षकात खेळणी आणि स्केल मॉडेलं एकत्रच बसतात. सरकारच्या लेखी तुझं इंजिन आणि तान्ह्या पोराचा खुळखुळा यांत फरक नाही. त्या खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. वर जीएसटी आणि कुरिअर. चिनी खेळण्यांचा लोंढा थांबवणं हा हेतू होता. त्या जाळ्यात आपणही आलो. एक चांगलं झालं. पिंक इंजिनसारख्या इथल्या उत्पादकांनी एचओमध्ये भारतीय डबे आणि वाघिणी काढल्या, घरोघरी थ्री-डी प्रिंटर आले, आणि पूर्वी अमेरिकन डब्याला लाल रंग मारून राजधानी म्हणणारे आम्ही आता खिडक्यांचे आकार मोजू लागलो.

खिडक्यांवरून आठवलं. भारतीय मॉडेलमधली माझ्या मते सगळ्यात अवघड गोष्ट गेज नाही, खिडकीचे गज. स्लीपरच्या डब्याच्या खिडकीला आडवे गज असतात. बारा मिलिमीटर जाड धर. ८७ नं भागलं की ०.१४. प्लास्टिक ०.४ च्या खाली सहसा नीट भरत नाही. मधेच थिजतं, शॉर्ट शॉट म्हणजे अर्धवट भरलेला नग येतो. म्हणून साच्यात गज करायचे तर ०.४ चे करावे लागतात, म्हणजे खऱ्यात ३५ मिलिमीटरचे. डबा सेंट्रल जेलसारखा दिसतो. तीन मार्ग उरतात. पितळेच्या पत्र्यावर एचिंग करून, म्हणजे रसायनानं कोरून घ्यायचं, ते सुरेख दिसतं आणि डब्याची किंमत तिथेच वाढते. पारदर्शक काचेवर गज छापायचे. जवळून सपाट दिसतात, हातभर अंतरावरून एकदम खरे. किंवा गज सोडूनच द्यायचे. मी छापलेले वापरतो. आमच्याकडे आलेल्या एका निवृत्त गार्डसाहेबांनी इंजिनाकडे बघितलंही नाही, डबा उचलला आणि खिडकीतून बोट घालायला गेले. छापील गजावर नख आपटलं तेव्हा इतके हसले! माझ्या आयुष्यात मॉडेलला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद. पावणेतीन मिलिमीटरबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांची सगळी नोकरी ब्रॉडगेजवर गेलेली.

तेव्हा तुझ्या डोळ्याला काय खुपतं ते आधी शोध. दुसऱ्याच्या डोळ्यासाठी पैसे भरू नकोस. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. एकदा जाऊन ये, पण गाड्यांकडे बघू नकोस, बघणाऱ्यांकडे बघ. सिग्नल पडला, गाडी थांबली, दुसरी सुटली की मुलं आणि त्यांचे आजोबा एकाच वेळी पुढे झुकतात. गेज कुणी मोजत नाही.

माझ्या डोळ्याला खुपते ती लांबी आणि वळण. या दोघांवर पैसे घालून काही होत नाही, जागा घालावी लागते. ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. एचओमध्ये ते दोन मीटर. नुसतं गोल फिरून यायचं तर चार मीटर व्यास, एक अख्खी खोली. बाजारात मिळणारं आर-टू या मापाचं तयार वळण ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं, खऱ्यात ३८ मीटर. एवढ्या वळणावर खरी एसटी बस वळेल, आजचा नव्या बनावटीचा लांब एलएचबी डबा नाही.

हे मला पैसे घालवून कळलं. पहिला एलएचबी रेक, म्हणजे डब्यांचा पूर्ण संच, घेतला तेव्हा डब्याखालचे पाइप, टाक्या, ब्रेकचे भाग सगळे सुटे, रेखीव. डबा २७ सेंटिमीटरचा. माझ्या माळ्यावर तेव्हा आर-टू. पहिल्याच वळणावर डब्याखालची चाकांची बोगी पाइपला अडली, दुसरा डबा आत ओढला गेला आणि तीन डबे माळ्यावरून थेट धुणं वाळत घातलेल्या दोरीवर. हिनं वर बघून विचारलं, "खंडाळ्याला गेली की काय?" त्या रात्री मी ब्लेडनं ते सगळे पाइप कापून काढले. ज्या तपशिलासाठी जादा पैसे मोजले तोच स्वतःच्या हातानं कापला, आणि रेक आजही त्याच अवस्थेत धावतो.

जर्मन लोकांनी यावर फार पूर्वी शहाणपणा केला. त्यांचा लांब प्रवासी डबा २६.४ मीटरचा, १:८७ नं तो ३०३ मिलिमीटर व्हायला हवा. तिथल्या मार्क्लिन कंपनीनं तो वर्षानुवर्षं २७ सेंटिमीटरचा विकला, पुढे २८.२ चा. या २८.२ च्या डब्याची रुंदी आणि उंची १:८७, लांबी मात्र १:९३.५. खिडकीमागे थोडं थोडं चोरायचं. घरातल्या टेबलावर डबा वळतोही आणि डोळ्याला बोचतही नाही. तुझ्या ओळखीचं कुणी स्टुटगार्टकडे असेल तर त्याला सांगून ठेव. तिकडे म्हाताऱ्यांचे संग्रह विकायला निघतात तेव्हा अशा जुन्या साध्या गाड्या स्वस्तात जातात. माझा भाचा दर दोन वर्षांनी एक पिशवी घेऊन येतो. मी त्यांची चाकं, मोटरी, रूळ, ट्रान्सफॉर्मर बघतो. अंग माझं मी करतो. मार्क्लिनचं जुनं सामान घेतलंस तर मात्र एक बघ, त्यांची पद्धत मधल्या तिसऱ्या संपर्काची आहे. ती आपल्या दोन रुळांच्या पद्धतीवर तशी चालत नाही.

आता तुझा घाट. नशीबवान आहेस, कारण कसारा-इगतपुरीचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के. मॉडेलवाले एरवी जागा नाही म्हणून दोन-तीन टक्क्यांचा चढ देतात आणि त्याबद्दल शिव्या खातात. तुझ्या बाबतीत खराच चढ तेवढा आहे. इथे तुला एक मिलिमीटरही खोटं बोलावं लागणार नाही. एका लाइनवरून दुसरी जायला साडेसात सेंटिमीटर उंची लागली तर पावणेतीन-तीन मीटर चढाची लांबी धर.

याच घाटातला एहेगावचा पूल मात्र जसाच्या तसा जमणार नाही. तो १८२ फूट उंच आणि ७५० फूट लांब. मॉडेलमध्ये उंची ६४ सेंटिमीटर, लांबी २.६ मीटर. मी तुझ्या जागी असतो तर लांबी दीड मीटरवर आणली असती आणि उंची फार तर पन्नासवर. पूल कमी उंच केला की तो पूल वाटत नाही, पण आखूड केलेला खपून जातो. त्यावर आठ डब्यांची गाडी ठेव. २४ डब्यांची एलएचबी आणि इंजिन धरून पावणेसात मीटर होतात. आठ डबे सव्वादोन मीटरचे, पूल भरून दोन्ही टोकांना डबे बाहेर राहतात, आणि गाडी लांब आहे असं वाटायला तेवढं पुरतं.

खरा खर्च कर तो यंत्रावर. घाट म्हणजे बँकर आलाच. कसाऱ्याला मागे इंजिनं लागतात आणि ती ढकलत इगतपुरीपर्यंत येतात. तुला जुना डीसी विजेचा काळ दाखवायचा असेल तर मागे डब्ल्यूसीजी-२ या विजेच्या इंजिनांची जोडी हवी. पुढचं इंजिन आणि मागची जोडी एकाच वेगानं चालली नाहीत तर मधले डबे वळणावर आतल्या बाजूला उडतात. दोन्हीकडे एकाच जातीची मोटर, एकाच गुणोत्तराचा गिअर, सगळ्या चाकांनी करंट घेणारा सांगाडा. तो चांगला घे, लागला तर परदेशी घे, तिथे घासाघीस करू नकोस. डीसीसी डिकोडर, म्हणजे रुळातून आलेला हुकूम ओळखून आपापलं इंजिन चालवणारी चिप, तीही चांगलीच घे, म्हणजे दोघांचे वेग जुळवता येतात. इंजिनाच्या आवाजाचा डिकोडर सध्या राहू दे. तो इंजिनाच्या किमतीत मोठी भर घालतो, आणि दुसऱ्या महिन्यात घरचे बंद करायला लावतात.

अंग प्रिंट करून घे किंवा स्टायरीन या प्लास्टिकच्या पत्र्यातून काप. आल्को या अमेरिकन कंपनीच्या बनावटीच्या डब्ल्यूडीएम-२ साठी अमेरिकन सहा एक्सलचा सांगाडा शोध. खरं इंजिन १७,१२० मिलिमीटर लांब, मॉडेलमध्ये १९७. त्याचं चाक १०९२ मिलिमीटरचं, म्हणजे १२.५ हवं, आणि अमेरिकन सांगाड्याला बहुतेक ४० इंची म्हणजे ११.७ चं मिळेल. आठ दशांशांचा फरक बोगीच्या साइडफ्रेममागे, म्हणजे बाजूच्या चौकटीमागे लपतो. ओव्हरहेड तार मीही जाडच वापरतो, अर्ध्या मिलिमीटरची. खऱ्यात ती पावणेदोन इंची सळई होईल. पण बारीक लावली की धूळ पुसताना तुटते.

रूळ घेताना कोड ८३ घे, कोड १०० नको. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. कोड १०० ची उंची २.५४ मिलिमीटर, खऱ्यात २२१. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच. कोड ८३ त्याच्या बराच जवळ जातो, आणि किमतीत फार फरक पडत नाही. जुन्या गाड्यांच्या खोल फ्लँज मात्र त्यावर स्लीपरच्या खिळ्यांना ठेचकाळतात. त्यामुळे इटलीच्या लिमासारख्या जुन्या स्वस्त गाड्या घेणार असशील तर चाकं बदलायची तयारी ठेव.

चाकांचं शेवटी सांगतो, कारण नवीन माणूस इथे हमखास चुकतो. आयसीएफ आणि एलएचबी डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटरचं असतं. अमेरिकेत ३६ इंची चाक ९१४ मिलिमीटरचं. एका मिलिमीटरच्या फरकानं आपलं काम झालं, एचओमध्ये १०.५. पण दुकानात सगळ्यात जास्त मिळतं ते मालगाडीचं ३३ इंची, ९.६ चं. ते लावलंस तर डबा जवळजवळ अर्धा मिलिमीटर खाली बसतो आणि कपलिंग इंजिनाशी जुळत नाही. खोक्यावर ३६ लिहिलंय का ते बघून घे. बॉक्सएनसारख्या उघड्या मालवाहू वाघिणींचं चाक १००० मिलिमीटरचं असतं, त्यांना साडेअकराचं लागेल. ते वेगळं मागव.